मशीन वायरीसकट आणावे

"पोरगी हुशार आहे मामा, पण गिऱ्हाईक समोर आलं की ती भिंतीकडे बघते."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. दुकानाचे मालक, ज्यांना मी दादा म्हणायचे, ते आपल्या मामांना सांगत होते. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि पार्टिशनच्या अलीकडे मी हातात सोल्डरिंग आयर्न धरून खरोखरच भिंतीकडे बघत बसले होते.

मामा कुणालाच लगेच उत्तर देत नसत. स्क्रू फिरवल्याचा आवाज आला, मग थांबला.

"लोडवर घेतलीय का तिला?"

"म्हणजे?"

"नाय ना घेतली? मग बिनलोडाचं रीडिंग मला सांगू नको."

दादा हसले. पण हसून झाल्यावर जे म्हणाले ते मी विसरले नाही. महिनाअखेरीला मला कामाला लागून तीन महिने होत होते. गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन नीट बोलेल असं माणूस त्यांना हवं होतं. तोवर बघू, नाहीतर दुसरं कुणीतरी शोधू.

दादांचे मामा म्हणजे आम्हा बाकीच्यांचे काका. मूळचे चांदवडकडचे. नाशकात इंदिरानगरच्या बोगद्यापासून चालत पाच मिनिटांवर दादांचं दुकान होतं, तिथे आतल्या बाजूला काकांचं टेबल. कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय, यूपीएस, इन्व्हर्टर, जे काही विजेवर चालायचं आणि चालायचं बंद व्हायचं ते या टेबलावर यायचं. मी डिप्लोमा करून आले होते, इंग्रजी माध्यमातून शिकलेली. लेखी परीक्षेत मला नेहमी चांगले मार्क पडायचे आणि तोंडी परीक्षेत ते कमी व्हायचे. काकांना मीटरवरचे आकडे सोडून इंग्रजी येत नव्हतं, आणि आपल्याला ते येत नाही याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

त्यांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. चालू लाइनवर काम करताना एकच हात वापरायचा, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही, ही जुनी सवय. पण ते जेवताना, रस्ता ओलांडताना, लग्नात अक्षता टाकतानासुद्धा डावा हात बाहेर काढत नसत. दादांच्या सासरकडच्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं की हा माणूस फार ताठ आहे.

त्या हाताची दोन बोटं वाकडी होती. तरुणपणी ते खांबावर चढून लाइनची कामं करायचे. एकदा वरून त्यांनी विचारलं, लाइन बंद केली का? खाली उभ्या असलेल्या माणसाने मान हलवली. काकांनी तार धरली. लाइन चालू होती. खालच्या माणसाला त्याच क्षणी रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी तंबाखू हवी का म्हणून विचारलं होतं.

"माणूस वाईट नव्हता," काका सांगायचे. "तंबाखूला हो म्हणाला बिचारा."

त्या दिवसापासून काकांच्या लेखी मान हलवणं हे उत्तर नव्हतं. कुणी मान हलवली की ते आंधळ्यासारखे समोर बघत बसत, समोरचा तोंडाने बोलेपर्यंत. त्यांच्या टेबलाचा नियमही त्यातूनच आला होता: बोल, मग हात लाव. मशीनला हात लावण्याआधी दोन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. काय बिघडलंय असं तुला वाटतं, आणि कोणतं रीडिंग आलं तर तू चुकलीस असं मानशील. "बहुतेक" हा शब्द टेबलाच्या चार फुटांत चालत नसे. तो तोंडातून गेला की उठून दुकान झाडायचं. पहिल्या महिन्यात मी दुकान इतकं झाडलं की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटलं मला त्याच कामासाठी ठेवलंय.

मग मी एक युक्ती केली. बोलायच्या ऐवजी चिठ्ठी लिहून त्यांच्यासमोर ठेवायला लागले, स्वच्छ अक्षरात, मुद्देसूद. काका चिठ्ठी उचलायचे, न वाचता एका हातानेच तिची चौपदरी घडी घालायचे आणि खाली वाकून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवायचे. दुसऱ्या महिन्यात टेबल डुगडुगायचं थांबलं. मला अजून हात लावायची परवानगी नव्हती. ओठांतल्या ओठांत काही बोललेच तर ते कानामागे हात धरून म्हणायचे, "मशीनला ऐकू नाय आलं."

चहाचंही तसंच. हातातलं मशीन चालल्याशिवाय चहा नाही. आलेल्या कपावर ते बशी उपडी ठेवायचे आणि काम झालं की तो गारढोण चहा चवीने प्यायचे. एखादं मशीन दिवसभर दमवायचं तेव्हा संध्याकाळपर्यंत त्यांचं डोकं ठणकत असायचं आणि टेबलावर तीन कप झाकलेले असायचे.

आणि ते क्रेट. द्राक्षं भरायचं निळं प्लॅस्टिकचं क्रेट, त्यावर आडवी फळी, फळीवर भंगारातून आणलेले जीपचे हेडलाइटचे वीस बल्ब ओळीने बसवलेले. कॉम्प्युटरचा सप्लाय बारा व्होल्ट देतो, जीपचा बल्बही बारावरच जळतो. सप्लाय या बल्बांना जोडायचा, एकेक बटण दाबत जायचं. नुसता मीटर लावला तर मेलेला सप्लायसुद्धा बारा व्होल्ट दाखवतो, काका म्हणायचे. वीस दिव्यांचा लोड घेऊन तासभर उभा राहिला तर तो खरा. जाडजूड वायरी काकांनी स्वतः निवडून, स्वतः झाळून क्रेटला कायमच्या बसवल्या होत्या. मोठा सप्लाय तपासायचा असला की दुकानाच्या आतली भिंत पांढरीफटक व्हायची, उकडायला लागायचं आणि काका त्या उजेडात उभे राहून लग्नाच्या मांडवात उभं राहिल्यासारखे प्रसन्न दिसायचे.

लॉकडाउन उठल्यानंतरच्या त्या वर्षी नाशकात ग्राफिक कार्ड मिळेनासं झालं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी मायनिंग. अॅल्युमिनियमच्या उघड्या सांगाड्यावर सहा-आठ कार्डं टांगायची, ती रात्रंदिवस हिशेब करत राहतात आणि त्यातून कुठलंसं कॉइन मिळतं. काकांनी हे कॉइन काय असतं ते समजून घेण्याचा प्रयत्नच केला नाही. "तुझ्या मळ्यात काय पिकतं ते मला नको सांगू," ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पाणी कुठं अडलंय तेवढं मी बघतो." वीज त्यांना पाण्यासारखीच दिसायची. मोटारीपाशी प्रेशर बघून काही कळत नाही, ओळीतल्या शेवटच्या ड्रिपरमधून थेंब पडतो का ते बघ, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी शहरात वाढलेली. ठिबक कसं असतं ते मी घरी जाऊन मोबाईलवर बघितलं.

निफाडचा एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. वडिलांची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. त्याने शेडच्या एका खोलीत आठ कार्डांचं मशीन उभं केलं होतं, दोन मोठे सप्लाय लावून. मशीन दहा-बारा मिनिटं चालायचं आणि झटक्यात बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. त्याने एक सप्लाय बदलला, मग दुसराही बदलला, त्याच कंपनीचे तसेच आणून. फरक नाही. मग सप्लायचे दोन्ही खोके आमच्याकडे घेऊन आला. क्रेटवर एक तास दिवे जळले, रीडिंग हललं नाही. काकांनी खोके परत दिले. आठवड्याने तो पुन्हा आला. पुन्हा दिवे, पुन्हा सगळं ठीक. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने खोके काउंटरवर आपटले नाहीत, हळूच ठेवले, ते जास्त लागलं.

"तुमच्याकडे आले की ठणठणीत, घरी नेले की आजारी," तो म्हणाला. "सप्लायचं माहेर आहे का हे?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. दादा हसले नाहीत. काका तर खोक्याला नाक लावून हुंगत होते. कुठलंही मशीन उघडण्याआधी ते त्याचा वास घ्यायचे. या वेळी त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

दादा म्हणाले, आता आपणच तिकडे जाऊ, ही शेवटची फेरी. काका म्हणाले, जाऊ, पण ही पोरगी पण येईल. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"ती आली नाय तर मी पण येत नाय," काका म्हणाले.

म्हणजे त्यांनी माझ्यावर सगळंच लावलं होतं. तिथे मी गप्प राहिले असते तर दादांचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि महिनाअखेरीला फक्त चार दिवस राहिले होते.

चांदोरीच्या पुढे दोन्हीकडे बागाच बागा. गाडीत काका पुढे, मी मागे क्रेटशेजारी, बल्ब फुटू नयेत म्हणून त्याला धरून.

शेडमध्ये मुलाचे वडील होते. उंच, पांढऱ्या टोपीतले, आणि या सगळ्या मशीनवर मुळीच विश्वास नसलेले. चहा आला. काकांनी कपावर बशी ठेवली. वडिलांना तो अपमान वाटला, मग दादांनी घाईघाईने समजावलं.

काकांचा संशय शेडला लागून असलेल्या शीतगृहाच्या कॉम्प्रेसरवर होता. कॉम्प्रेसर सुरू झाला की लाइनचा व्होल्टेज खाली बसत असणार. मीटर लावून ते कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघत उभे राहिले. तो सुरू झाला. व्होल्टेज जेमतेम चार-पाचने हलला. मग अर्थिंग बघितलं, चांगलं होतं. न्यूट्रल घट्ट होता. क्रेट जोडलं, शेडमधल्याच लाइनवर, आणि वीस दिवे तिथेही तसेच जळले. खोके परत मशीनला लावले. बारा मिनिटांनी मशीन झपकन बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

दोन तास गेले. काकांनी डावा हात खिशातून काढला आणि डोकं खाजवलं. तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला.

मला बघवेना. हात धुवायचं निमित्त करून मी बाहेर नळावर गेले. तिथे चार बाया सुपं घेऊन बेदाणे निवडत बसल्या होत्या. त्यांतल्या एका मावशीने माझ्या हातातल्या चांदीच्या कड्याकडे बघितलं.

"बाई, ते कडं काढून पर्समधी ठेव," ती म्हणाली. "हितं चांदी टिकत नाय. माझे पैंजण आठ दिवसांत कोळसा झाले. आता घरीच ठेवून येते."

का, असं मी विचारलं. अनोळखी माणसाला आपण होऊन प्रश्न विचारायची माझी ती पहिलीच वेळ असावी. ती म्हणाली, गंधकाची धुरी देतात ना बेदाण्याला, रंग धरावा म्हणून. तिने हनुवटीने दाखवलं. धुरीची बंद खोली आणि मशीनची खोली यांच्यात एकच भिंत होती, वर झरोका. मशीन गार राहावं म्हणून मुलाने आपल्या खोलीला एक्झॉस्ट पंखा लावला होता. तो पंखा झरोक्यातून सगळी हवा मशीनवरून ओढत होता.

मी नळ बंद करायचा विसरले. चांदी काळी पडते, तर तांब्याचं आणि कथिलाचं काय होत असेल? पण खोके तर तीनदा तपासले होते. मग या खोलीत कायम राहणारं, आणि इंदिरानगरला एकदाही न आलेलं असं काय आहे?

वायरी. या सप्लायच्या वायरी खोक्यातून सुट्या होतात. मुलगा दर वेळी नुसते खोके घेऊन यायचा, वायरी कार्डांना लावलेल्याच ठेवून. सप्लाय बदलतानाही त्याने तेच केलं होतं. त्याच कंपनीचा सप्लाय, मग लावलेल्या वायरी कशाला काढायच्या? आणि काका दर वेळी खोका जोडायचे तो क्रेटच्या आपल्या वायरींना. उत्तम, जाड, स्वतः झाळलेल्या वायरींना.

मी आत जाऊन काकांच्या शेजारी उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "वायर."

"कुणाला सांगतीस? मला का भिंतीला?"

ते मागे सरकले. मशीनसमोरची जागा रिकामी झाली. दादा, तो मुलगा, त्याचे वडील, तिघेही माझ्याकडे बघत होते. पण टेबलाचा नियम मला पाठ होता, आणि त्या दिवशी कळलं की तो किती सोयीचा आहे. बोलायचं काय हे त्यात ठरलेलंच असतं.

"सप्लाय चांगले आहेत," मी म्हणाले. "वायरींची टोकं गंधकाने खराब झालीत. चालू मशीनवर एक रीडिंग सप्लायच्या तोंडाशी घेऊ, एक कार्डाच्या तोंडाशी. दोन्ही सारखी आली तर मी चुकले."

मुलगा म्हणाला, आठ कार्डांची वायर बेदाण्याच्या धुराने मरते होय? वडील मात्र त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, घे बाई रीडिंग.

सप्लायच्या तोंडाशी बारा पूर्णांक एक दशांश व्होल्ट. तिसऱ्या कार्डाच्या तोंडाशी अकरा पूर्णांक दोन दशांश. आणि आम्ही बघत असताना, टोक तापत गेलं तसं ते अकराच्याही खाली उतरलं, आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं. मेन स्विच पाडून काकांनी ते टोक ओढून काढलं. प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं आणि आतल्या पिना डोळ्यांत घालायच्या काजळासारख्या.

काकांनी ते टोक नाकाशी नेऊन हुंगलं.

"शेवटचा ड्रिपर," ते म्हणाले. मग दादांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तीनदा मी माझ्याच पाइपानं पाणी पाजलं रे. तिच्या ध्यानात आलं, माझ्या नाय."

मी त्यांना कधी इतकं खूश बघितलं नव्हतं, वीस दिव्यांच्या उजेडातसुद्धा नाही. स्वतः चुकलेल्या माणसाचा चेहरा असा फुलू शकतो हे मी त्यांच्याकडेच पाहिलं.

नव्या सप्लायबरोबर आलेल्या वायरी पिशवीही न फोडता घरातल्या कपाटात पडून होत्या. मुलगा पळत जाऊन घेऊन आला. कार्डांची तोंडं आम्ही ब्रशने आणि स्प्रेने साफ केली आणि मशीन धुरीपासून लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत हलवलं. ते त्या दिवशी आम्ही निघेपर्यंत चाललं आणि पुढे कितीतरी महिने न अडखळता चाललं, मायनिंगचं वेड ओसरून मुलाने कार्डं विकून टाकेपर्यंत. काकांनी बशी काढली आणि चार तासांचा गार चहा वडिलांच्या समोर उभं राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. वडिलांनी दुसरा मागवला. जाताना त्या मुलाने मला विचारलं की गंधकाचं तुम्हाला कसं सुचलं. मी त्याला सांगितलं की तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं, त्यांना विचारत जा.

दुसऱ्या दिवशी क्रेटच्या फळीवर काकांनी खडूने लिहिलं: मशीन वायरीसकट आणावे. काका आता चांदवडला असतात, बागेत. फोन केला की हॅलो म्हणत नाहीत, "लोडवर हाय का?" एवढंच विचारतात, आणि मी हो म्हणाले की ठेवून देतात. टेबल आता माझं आहे. खडूची अक्षरं मी दर दिवाळीला पुन्हा गिरवते.

पण त्या दुपारचं एक राहिलं. सगळं जोडून झाल्यावर काकांचे दोन्ही हात मशीनच्या आत होते, शेवटचं टोक घट्ट बसवत. नव्या खोलीचा मेन स्विच बाहेर, कोपऱ्यावरच्या पडवीत होता. त्यांनी मला तिथे पाठवलं. मध्ये बेदाण्याच्या ग्रेडिंग मशीनचा खडखडाट. दारातून मला ते दिसत होते, त्यांना मी. दादा त्यांच्या मागे उभे होते. मी स्विचवर हात ठेवला आणि तयार आहे म्हणून मान हलवली.

काकांनी हात बाहेर काढले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आंधळ्यासारखे. मग डाव्या हाताची ती दोन वाकडी बोटं तेवढी वर करून दाखवली आणि परत आत घातली.

मी श्वास घेतला. सुपं घेऊन बसलेल्या बायांनी माना वर केल्या, वडील वळले, दादा दोन पावलं मागे सरले, इतक्या मोठ्याने मी म्हणाले:

"काका, हात बाहेर काढा. बाकी सगळे मागे व्हा. मी चालू करतेय."